सहा प्रतींतली सगुणा

डोंबिवलीला मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत साईनाथचं झेरॉक्सचं दुकान आहे. गल्लीत तशी अजून चार दुकानं आहेत आणि चौघांनीही बाहेर पाटी लावलेली आहे की आमच्याकडे वायरो बाइंडिंग करून मिळेल. करून मिळतंही. पण महिन्याभराने त्या वहीची पानं गळायला लागली की माणूस निमूट साईनाथकडे येतो. खरं सांगायचं तर साईनाथकडेही नाही, आत टेबलाशी उभ्या असलेल्या सगुणाकडे येतो. साईनाथ हे कबूल करतो. न करून जातो कुठे?

वायरो म्हणजे स्पायरल नव्हे. स्पायरलची प्लास्टिकची गुंडाळी एका टोकाने फिरवत आत घालायची, ते कोणालाही जमतं. वायरोची तार दुहेरी असते आणि तिच्या कड्यांची तोंडं उघडी असतात. भोकं पाडलेली पानं त्या कड्यांत ओवायची, मग दाबयंत्राखाली धरून दांडा ओढायचा की सगळी तोंडं एका दमात मिटतात. तार एकदा मिटली की मिटली. उघडायची तर पकडीने कापायची आणि कचऱ्यात टाकायची, ती पुन्हा कामाला येत नाही.

आता तोंडं जिथे मिटतात तिथे एक उभी फट राहते. अनाडी बाइंडर ती फट समोर ठेवतो, मग वही गबाळी दिसते आणि पानं तिथूनच निसटतात. सगुणा मागचा काळा पुठ्ठा आधीच पुढे आणायची, पहिल्या पानावर पालथा ठेवायची, तार मिटवायची आणि मग पुठ्ठा गोल फिरवून त्याच्या जागी न्यायची. फट शेवटचं पान आणि पुठ्ठा यांच्यामध्ये जाऊन लपायची. एकोणीस वर्षांत तिने बांधलेल्या वहीची फट कोणाला दिसली नव्हती.

तिचा दुसरा नियम असा की ती वाचत नसे. सातवी शिकलेली होती, सही झोकदार करायची, त्या सहीचा तिला अभिमानही होता. पण दुकानात येणारे कागद म्हणजे लोकांची दुखणी. कोणाचे घटस्फोटाचे, कोणाच्या किडनीचे, कोणाच्या भावाभावांच्या भांडणाचे. ती पानं मोजायची, उलटंसुलटं बघायची, डाव्या बाजूला भोकांपुरती जागा सोडली आहे ना ते बघायची, बस्स. गिऱ्हाइकं म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवायची. वकील लोक तर सरळ सांगायचे की सगुणाबाईंकडे द्या, त्या बघत नाहीत.

ती मूळची दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या एका आगरी गावातली. तिच्या लहानपणी गावात भाताची शेती होती आणि खाडीकडे मिठागरं होती. आता तिथे बिल्डिंगींना बिल्डिंगी चिकटल्या आहेत. सगुणाचं लग्न झालं नाही. व्हायच्या वयात आई अंथरुणाला खिळली, ती अकरा वर्षांनी सुटली. तोवर थोरला भाऊ भिवा याच्या घरात पोरं मोठी झाली होती, घर लहान पडायला लागलं होतं. सगुणाने दिव्यात भाड्याची खोली घेतली. भांडण वगैरे काही नाही. सणाला बोलावणं यायचं, पोळ्या करायला हात हवेत म्हणून असेल, पण यायचं. एरवी ती, तिची खोली आणि तिचं टँकरचं पाणी.

गावातल्या तिच्या वयाच्या बायकांच्या आधार कार्डावर सर्रास एक जून अशी जन्मतारीख असते, मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली. सगुणाची मात्र चौदा ऑगस्ट होती, साल एकोणीसशे अडुसष्ट. एवढी नेमकी तारीख आपल्याला कशी मिळाली याचं तिला कौतुक वाटायचं. साईनाथ दर वर्षी त्या दिवशी छोटासा केक आणायचा आणि म्हणायचा, ताई, तुम्ही सत्तावन्नच्या वाटत नाही, पन्नास-बावन्नच्या वाटता. ती लाजून केक कापायची.

त्या मंगळवारी साईनाथ टिटवाळ्याला गेला होता. तिथे त्याने फ्लॅट घेतला होता, त्याची चावी मिळणार होती. आधी गणपतीला जातो, मग चावी घेतो, संध्याकाळपर्यंत येतो, असं सांगून तो सकाळीच निघाला. जाताना एका बिल्डरच्या ऑफिसातून आलेलं काम टेबलावर ठेवून गेला. बहात्तर पानांची फाइल, सहा प्रती, पाचला माणूस न्यायला येईल, उद्या सकाळी सह्या आणि रजिस्ट्रेशन आहे. असली कामं त्या ऑफिसातून दर आठवड्याला यायची. सगुणाने पदर खोचला आणि पहिल्या प्रतीची पानं वीस-वीसच्या गठ्ठ्याने भोकांच्या यंत्रात घालायला सुरुवात केली.

चाळीस पानं झाली. एकेचाळिसावं आडवं होतं. आडव्या पानाचं डोकं तारेच्या बाजूला येतं, आणि या पानाच्या डोक्याशी जागाच सोडलेली नव्हती. भोकं पाडली तर वरची ओळ खाल्ली जाणार. अशा वेळी मात्र तिला वाचावं लागायचं, काय खाल्लं जाईल ते बघण्यापुरतं. तिने वाचलं तर वर लिहिलं होतं, वंशावळ, आणि त्याखाली चौकटीत तिच्या बापाचं नाव.

बापाच्या चौकटीतून दोन रेघा निघाल्या होत्या. एक भिवाच्या नावापाशी गेली होती, तिथून पुढे त्याची पोरं, नयन आणि करिश्मा. दुसरी रेघ आखूड होती. तिच्या टोकाला चौकट, चौकटीत सगुणा, आणि नावापुढे कंसात मयत.

तिने पान खाली ठेवलं आणि पुढचं उचललं. तो गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा उतारा होता. सगुणा, वय वर्षे तीन, मृत्यूचं कारण पाण्यात बुडून, साल एकोणीसशे एकाहत्तर. ही कोण ते सगुणाला ठाऊक होतं.

तिच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. ती तीन वर्षांची असताना गेली, तेव्हा आई पोटुशी होती. चार-पाच महिन्यांनी ही जन्मली आणि आईने हिला तेच नाव दिलं. नाव चांगलं आहे, फुकट कशाला घालवायचं, असं आई म्हणे. गावात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. घरात त्या पहिलीला थोरली म्हणत, हिला नुसतं सगुणा. थोरलीबद्दल फारसं कोणी बोलत नसे. फक्त शेवटच्या वर्षांत आई अंथरुणातून हाक मारायची, सगुणा, ये सगुणा. हातातलं काम टाकून ही धावत जायची, तर आई तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत म्हणायची, "तुला नाय गो. तिला."

असं किती वेळा झालं असेल. सगुणा पुन्हा चुलीकडे जायची आणि मागे आई कोणाशी तरी हळू आवाजात बोलत राहायची. त्या वेळी तिला भीती वाटली नव्हती. म्हातारं माणूस, भ्रमिष्ट झालंय, असं ती समजायची. आज रिकाम्या दुकानात, भर अकराच्या उन्हात, तिला मागे वळून बघायचं धाडस होईना.

तेवढ्यात काउंटरपाशी एक बाई आली. हातात फाइल, कानाला फोन. सगुणा चार हातांवर उभी होती, पंख्याखाली, ट्यूबलाइट चालू. ती पुढे सरकली आणि काय करायचंय म्हणून तोंड उघडणार, तोच बाई सरळ तिच्याकडे बघत फोनवर म्हणाली, "अगं, दुकान उघडंय, पण आत कोणीच नाहीये." आणि निघून गेली.

बाहेर ऊन, आत अंधार, उन्हातून आलेल्या माणसाला दिसत नाही, हे सगुणाला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. तिने आपलाच हात आपल्या हातात धरून पाहिला. तो गार पडला होता.

तिला राग आला तो मग. बिल्डरला विकायच्या बापाच्या जमिनीत वाटा कोणाला हवा होता? भिवादादाने नुसतं म्हटलं असतं की इथे सही कर, तर तिने काय लिहिलंय ते न बघता सही ठोकली असती, न बघण्यातच तिचा जन्म गेला होता. त्यासाठी एका मेलेल्या पोरीचा दाखला उकरून काढून आपल्याला मारायची काय गरज होती? उद्या सकाळी या सहा प्रतींवर शिक्के बसले की सरकारदरबारी ती मेली, आणि ज्या तारेने मेली ती तिच्याच हाताने मिटवायची. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने दिवसाढवळ्या दुकानाचं शटर ओढलं आणि गावाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात जाऊन बसली.

मागे तिघं बसतात. ती, एक कॉलेजची मुलगी आणि एक भाजीवाला असे तिघं झाले तरी रिक्षावाला हलेना. एक सीट, एक सीट, असं तो बाहेर ओरडत राहिला. शेवटी भाजीवाला वैतागून म्हणाला की अरे, झाले की तीन. रिक्षावाल्याने मान वळवून मोजलं, सगुणावर त्याची नजर थोडी अडली आणि मग त्याने मुकाट रिक्षा सुरू केली.

भिवा नव्या घराच्या ओट्यावर बसला होता. साठी उलटलेला, अंगाने अजून दांडगा, पण गुडघे गेलेले. तिला अवेळी बघून तो काय ते समजला. बस म्हणाला, पाणी पिते का विचारलं. तिने पाणी घेतलं नाही. मला मेलेली का लिहिलीस, एवढंच विचारलं.

"मी खोटं काय लिवलं?" भिवा म्हणाला. "सगुना मेलीच ना? तुझ्यासमोर नाय मेली, माझ्यासमोर मेली."

मग माझं नाव कुठं आहे, असं तिने विचारलं. ती मेली हे खरं, पण मी आहे ना? माझं आधार आहे, रेशनकार्ड आहे, शाळेचा दाखला आहे. तिच्या शेजारी माझी एक चौकट काढायला काय झालं होतं?

भिवाने तिला जन्मतारीख विचारली. तिने सांगितली, चौदा ऑगस्ट अडुसष्ट. ती तारीख तुझी नाही, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला.

तो सांगत गेला ते असं. सगुणाला शाळेत घालायच्या वेळी मास्तरांनी जन्माचा कागद मागितला. आईपाशी थोरलीच्या जन्माचा कागद होता, ट्रंकेत जपून ठेवलेला. नाव तेच, बापाचं नाव तेच. आईने तोच दिला. मास्तरांनी तारीख उतरवून घेतली. त्या काळी पोरी उशिरानेच शाळेत यायच्या, त्यामुळे सहा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे साडेनऊ लिहिताना मास्तरांचा हात अडला नाही. हिच्या जन्माची नोंद कोणी केलीच नव्हती. घरात नुकतं पोर बुडून मेलेलं, पुढच्या पोरीची नोंद करायला कोण जातो? शाळेच्या दाखल्यावरून रेशनकार्ड झालं, रेशनकार्डावरून आधार. बिल्डरच्या वकिलाला गावच्या जुन्या नोंदी तपासताना चौदा ऑगस्टला जन्मलेली सगुणा मिळाली आणि एकाहत्तर साली बुडालेली तीच सगुणा मिळाली. मग या आधार कार्डावरची बाई कोण, असं त्याने विचारलं.

"वकील बोलला, एका तारखेवर दोघी बसत नाय," भिवा म्हणाला. "हिला जिती दावायची तर कोर्टात जा, दहा वर्सं काढा. तोवर बिल्डर थांबतो का? मंग जी मेली तीच लिवली. तुला मी मारली नाय गो. तू कागदावर कवा आलीसच नाय."

कोणी मारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे मारायला ती जन्मलेलीच नव्हती. शाळेच्या हजेरीपटावर ती नाही, मतदानाच्या यादीत ती नाही, केक कापला तोही दुसरीचा. चोपन्न-पंचावन्न वर्षांपूर्वी मेलेली एक पोर शाळा शिकली, झोकदार सही करायला शिकली, आईचं दुखणं काढलं, दिव्यात खोली घेतली, आणि आता ती मेली होती हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, एवढंच.

ती उठली तेव्हा भिवा एकदम बोलायला लागला. तिने विचारलं नव्हतं. त्या दिवशी आई आणि बाबा मिठागरात होते आणि थोरलीला त्याच्यावर सोपवलं होतं. तो सात वर्षांचा. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधाला उघाडी, म्हणजे फळीचं दार, ठेवलेली असते, तिथे तो खेकडे धरत होता. ती मागे बसली होती. दोनदा तिने हाक मारली, दादा म्हणून. खेकडा हाताशी आला होता म्हणून त्याने मागे बघितलं नाही. तिसऱ्यांदा हाक आली नाही. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तो घरात निघून गेला, आणि सगुणा रस्त्याला लागली.

तीन वाजता तिने शटर वर केलं. पाचपर्यंत सहा प्रती व्हायला हव्या होत्या. एकेचाळिसावं पान गाळून टाकावं, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. एक पान कमी, उद्याचा खोळंबा, एवढं करणं तिच्या हातात होतं. पण पान गाळणं म्हणजे बाइंडरने तोंडाला काळं फासून घेणं, ते तिच्याने झालं नसतं. आधारची झेरॉक्स काढून मध्ये घालावी म्हणावं, तर ते कार्डच त्या पोरीचं. चौकटीशेजारी सही करावी, मी हयात आहे असं लिहून, तर सहीत नाव येणार, आणि नाव तर आधीपासून दुसरीचंच. आयुष्यभर जी सही मिरवली ती तिला कागदावर टेकवता येईना. पेन हातात धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

शेवटी तिने शिक्क्यांचं शाईचं पॅड ओढलं. डावा अंगठा दाबला आणि पहिल्या प्रतीच्या एकेचाळिसाव्या पानावर, भिवाची रेघ आणि ती आखूड रेघ यांच्यामधल्या कोऱ्या जागेत उमटवला. अंगठा मात्र तिचा होता. तो कोणाच्या तारखेवर जन्मलेला नव्हता, तो कोणाचा उसना घेतलेला नव्हता. निळ्या शाईत सगळ्या रेषा स्वच्छ आल्या, मधोमध पुठ्ठ्याने कापल्याचा जुना व्रणसुद्धा. शिकलेल्या बाईने अंगठा द्यावा याची तिला लाज वाटली नाही. उलट छातीवरचं ओझं थोडं हललं.

प्रत्येक प्रतीला तिने तसंच केलं. अंगठा द्यायचा, बोट फडक्याला पुसायचं, पान बाजूला वाळत ठेवायचं. सहा पानं ओळीने टेबलावर मांडली होती. वारा नव्हता, पंखा तिने शाईसाठी बंद केला होता. तरी मधूनच एखादं पान आपल्या जागी किंचित हलायचं, लहान मूल कागदाला हात लावून काढून घेतं तसं. सगुणाने तिकडे बघणं टाळलं. टेबलाखाली भोकांचे कागदी चौकोन सांडले होते, ते तिने पायाने एका बाजूला केले. तिला सारखं वाटत होतं की तिथे कोणी तरी बसलंय आणि पाय लागेल.

वरची ओळ भोकांत जाऊ नये म्हणून तिने ती पानं थोडी बाहेर सरकवून छेदली. मग एकेक प्रत जुळवली, बहात्तर पानं मोजली, पुढे पारदर्शक प्लास्टिक, मागचा पुठ्ठा पालथा पुढे, तार ओवली, दांडा ओढला. कट्. सहा वेळा. पुठ्ठे फिरवले, फटी लपल्या. मोजताना तिला एकदाही पान कमी किंवा जास्त आलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

पाचला फाइली न्यायला बिल्डरच्या ऑफिसातलं कोणी आलं नाही, नयन आला. भिवाचा मोठा मुलगा, तिशीतला, अंगात कडक शर्ट. उद्याच्या सह्या त्याच्या घरच्याच होत्या, म्हणून ऑफिसने त्यालाच पाठवलं होतं. बापाने त्याला काही सांगितलं असावं, कारण तो तिच्या नजरेला नजर देईना. त्याने एक प्रत उचलली, सगळे करतात तसं पहिलं पान पाहिलं, शेवटचं पान पाहिलं, आणि मस्त झालंय आत्या, असं पुटपुटला.

सगुणाने त्याला एकेचाळिसावं पान उघडायला सांगितलं. चोरून काही करायचं तिच्या मनात नव्हतं. तो अंगठा उद्या रजिस्ट्रेशनच्या साहेबासमोर निघण्याआधी आज घरच्यांसमोर निघावा, एवढंच तिला हवं होतं. मग ते पान ठेवोत नाहीतर फाडोत.

नयनने पान उघडलं. तो आधी रागावल्यासारखा दिसला, अरे यार आत्या, हे काय करून ठेवलंस, असं काहीतरी म्हणालाही. मग तो पानावर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "हा दुसरा कोणाचा?"

सगुणा टेबलाला वळसा घालून आली. कोऱ्या जागेत तिचा अंगठा होता, व्रणासकट. आणि शेजारच्या चौकटीत, सगुणा या नावावर, दुसरा एक ठसा होता. शेंगदाण्याएवढा. त्याच निळ्या शाईचा, अजून ओलसर. रेषा इतक्या बारीक की डोळ्यांना ताण देऊन बघाव्या लागत होत्या.

तिने दुसरी प्रत उघडली. तिथेही होता. तिसरीत होता. नयन घाईघाईने उरलेल्या तीन उघडत गेला, त्यांतही होता. तिने सहा अंगठे दिले होते. पानांवर बारा होते. मघाशी टेबलावर वाळत पडलेली पानं तिने स्वतः जुळवली होती, तारा स्वतः मिटवल्या होत्या, दुकानात दुसरं माणूस नव्हतं. तिला आता भीती वाटायला हवी होती. तिला भरून आलं.

"ज्या पोरीचा दाखला जोडलायस," ती म्हणाली, "तिचा असेल."

नयन दुकानाच्या पायरीवर जाऊन बापाला फोन लावू लागला. आधी त्याने पानाचा फोटो पाठवला. तो काय बोलला ते सगुणाला नीट ऐकू आलं नाही, आत्याने पोराबाळांचे ठसे घेऊन काहीतरी नाटक केलंय, असा त्याचा सूर होता. पण बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली गेला. मग तो आत आला, फोन स्पीकरवर ठेवून काउंटरवर ठेवला.

"तो बारीक ठसा," भिवाने विचारलं, "नावावर हाय का?"

नयन हो म्हणाला. पुसून टाकू का बाबा, ओलाय अजून, सगळ्या प्रतींवरचा पुसता येईल, असंही म्हणाला.

"नको," भिवा म्हणाला. त्याचा आवाज सगुणाने असा कधी ऐकला नव्हता, सात वर्षांच्या पोराचा होतो तसा झाला होता. "पुसू नको. उद्याचं रद्द कर. त्या दोघींना सांग, मी येतो."

नयन फोन हातात धरून उभा राहिला. सांगायचं म्हणून त्याने आत्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि फोन खिशात टाकला. वंशावळ आता नव्याने टाइप करावी लागणार होती. सगुणाने खणातून पक्कड काढली आणि पहिल्या प्रतीची तार कापायला घेतली.